ग्वाल्हेरच्या थंडीत १२५ टू-स्ट्रोक: किती तापवायची, जेट बदलायचा का?

लष्करकर

नमस्कार मंडळी. गाडी मोटोक्रॉसची आहे, १२५ सीसी टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५४ मिमी, सिलिंडर निकासिलचा (आतून निकेलचा कडक थर दिलेला), पिस्टन नुकताच नवा टाकलाय आणि तो फोर्ज्ड (दाबून घडवलेला) आहे. कार्ब्युरेटर केहिनचा ३८ मिमी. मेन जेट (पूर्ण थ्रॉटलचं पेट्रोल मोजणारं भोक) १७८, पायलट (स्लोचं भोक) ४५, सुईची क्लिप मधल्या खाचेत, एअर स्क्रू दीड फेरा बाहेर. हे सेटिंग ऑक्टोबरातलं, दुपारी ३२ अंश असताना बसवलेलं. पेट्रोल-ऑइल ३२:१.

आता डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला पारा ५-६ अंशांवर असतो. गाडी पिकअपमध्ये टाकून तिघऱ्याकडच्या कच्च्या वाटेला नेतो. तिथे उतरवली की हे असं होतं:

बारा-पंधरा किका माराव्या लागतात. प्लग काढला तर ओला. सुरू झाली तरी चोक आत ढकलला की लगेच बंद पडते. थोडी चालल्यावर थ्रॉटल सोडला तरी रेस दोन-तीन सेकंद वरच लटकते आणि मग उतरते. सायलेन्सरच्या सांध्यातून काळं ऑइल गळतं.

सल्ले तीन मिळालेत. एकाचं म्हणणं, सुरू होताच जोरात रेस द्या, पटकन तापते. दुसरा सांगतो दहा मिनिटं स्लोवर सोडून द्या. तिसऱ्याच्या मते हिवाळ्यात ऑइल वाढवून २५:१ करा म्हणजे पिस्टन पकडणार नाही (सिलिंडरमध्ये अडकून बसणार नाही). यातलं खरं काय? रेडिएटरला पुठ्ठा लावावा का?

---

बोअरगेज

लष्करकर, पहिला सल्ला तर अजिबात ऐकू नका. नव्या फोर्ज्ड पिस्टनवर थंडीत जोरात रेस दिलीत तर आज ना उद्या तो पकडणार.

कारण सगळं मापात आहे. ५४ मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन दर अंशाला साधारण एक मायक्रॉन फुगतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पिस्टन आणि बोअरमधला क्लिअरन्स तुमच्याकडे ५० मायक्रॉनच्या आसपास असेल, नेमका आकडा पिस्टनच्या खोक्यातल्या कागदावर छापलेला असतो. आता इंजिन सुरू झाल्यावर काय होतं ते बघा. पिस्टनच्या डोक्यावर थेट जाळ. त्याचा स्कर्ट मिनिटभरात ६०-६५ अंशांनी चढू शकतो, म्हणजे ६०-६५ मायक्रॉन फुगला. सिलिंडरभोवती मात्र ५ अंशांचं पाणी खेळतंय, तो जेमतेम १० अंश चढलाय, म्हणजे १० मायक्रॉन. ५० ची जागा होती, ती संपली. ऑइल किती घातलंय याचा इथे संबंध येत नाही. पिस्टन पकडतो तो जागा कमी पडली म्हणून. तिसऱ्या सल्ल्याचं उत्तरही त्यातच आलं.

फोर्ज्ड पिस्टनमध्ये सिलिकॉन कास्टपेक्षा (ओतीव पिस्टनपेक्षा) कमी असतं, त्यामुळे तो जास्त फुगतो. म्हणूनच त्याला क्लिअरन्स जास्त देतात आणि तापवायला वेळही जास्त द्यावा लागतो. जुना कास्ट पिस्टन दोन मिनिटांत तयार व्हायचा, म्हणून हाही होईल असं धरू नका.

थंडीत पकडलेला पिस्टन ओळखायची खूण पक्की आहे. बाहेर काढून गोल फिरवला की स्कर्टवर चार उभे ओरखडे दिसतात, पिनच्या भोकाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन. त्या जागी धातू जाड असतो, तिथेच तो जास्त फुगतो. मिश्रण पातळ पडून (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) पकडला असेल तर ओरखडे बहुतेक एक्झॉस्टच्या बाजूला, आणि ऑइल नसताना पकडला असेल तर सगळीकडून घासलेला दिसतो. तुमचा सिलिंडर काढायची वेळ आली तर आधी हे बघा, मग जेटला दोष द्या.

दुसरा सल्ला, दहा मिनिटं स्लोवर, हा पिस्टनला मारणार नाही पण उपयोगाचाही नाही. स्लोवर उष्णताच इतकी कमी तयार होते की ५ अंशांच्या हवेत सिलिंडर अर्धवट कोमटच राहतो. तेवढ्यात ऑइल न जळता एक्झॉस्टमध्ये साचतं. सांध्यातून गळणारं काळं ऑइल ते हेच.

मग करायचं काय? सुरू झाल्यावर थ्रॉटल अगदी एक केस उघडा धरायचा, स्लोपेक्षा थोडी वरची एकसारखी रेस. मिनिटभराने हलके, छोटे झटके द्यायला हरकत नाही, पण इंजिन किंचाळेल इतके नाहीत. घड्याळ बघू नका, हात लावून बघा. सिलिंडरच्या अंगाला तळवा तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवता येत नाही असं झालं की तो ५५-६० अंशांवर आला. मग दोन्ही रेडिएटर हाताने चाचपा. दोन्ही गरम लागले पाहिजेत, खालचा होजही. एक गरम आणि एक थंड असेल तर पाण्यात हवा अडकलीय किंवा पाणी कमी आहे. तुमच्या मापाच्या इंजिनाला ५ अंशांत याला चार ते सहा मिनिटं लागतात.

त्यानंतरही पहिली पाच-सात मिनिटं पाव ते अर्धा थ्रॉटल. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी मोकळी फिरू द्यायची. उंच गिअरमध्ये कुथवायची नाही आणि पूर्ण थ्रॉटल नाही.

पिस्टन नवा आहे म्हणून आणखी एक. पहिल्या तीन वेळा असं तापवा, बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या, हाताला सिलिंडर थंड लागेपर्यंत. मग चौथ्या वेळी चालवा. आणि घरून निघताना सुरू करून तापवू नका. पिकअपमधल्या वाऱ्यात ती सगळी उष्णता जाते आणि थंड सुरुवात एकाऐवजी दोनदा होते.

---

मुरारवाला

बोअरगेज काकांनी तापवण्याचं सांगितलं, मी किकांचं सांगतो. बारा-पंधरा किका लागतायत याचं अर्धं कारण बहुतेक तुमच्या उजव्या हातात आहे. किक मारताना थ्रॉटल उघडताय का?

या कार्ब्युरेटरचा चोक हवा अडवणारं झाकण नसतो. ती जास्तीच्या पेट्रोलची वेगळी वाट असते. स्लाइड पूर्ण खाली असते तेव्हाच तिच्यावर ओढ बसते. थ्रॉटल जरा जरी उघडला की ओढ मोडते आणि चोक असून नसल्यासारखा होतो. मग माणूस किका मारत राहतो, थोडं थोडं पेट्रोल क्रँककेसमध्ये जमत जातं, जळत नाही आणि प्लग ओला होतो.

थंडीत माझा क्रम असा: गाडी उतरवल्यावर पेट्रोलचा कॉक उघडून मिनिटभर थांबा, फ्लोटची वाटी भरू द्या. गिअरमध्ये टाका, क्लच दाबा आणि गाडी दोन-तीनदा पुढे-मागे ढकला. थंडीत गिअर ऑइल घट्ट होतं, क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात आणि किकचा अर्धा जोर त्यातच जातो. मग न्यूट्रल. किल बटण दाबून, चोक ओढून, थ्रॉटल बंद ठेवून तीन सावकाश किका, म्हणजे मिश्रण आत जातं. बटण सोडा. किक हळूहळू दाबून कॉम्प्रेशन लागेपर्यंत, म्हणजे पेडल जड लागेपर्यंत आणा, तिथून जरा पुढे, मग पेडल वर येऊ द्या आणि एकच पूर्ण किक, वरपासून खालपर्यंत. अर्ध्या किका दहा मारण्यापेक्षा पूर्ण दोन बऱ्या.

सुरू झाल्यावर चोक ५ अंशांत ३० ते ६० सेकंद, त्याहून जास्त नाही.

प्लग ओला झालाच तर कॉक बंद, चोक आत, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि दहा-पंधरा किका. तरी नाही झाली तर प्लग काढा, भोकावर फडकं धरून चार किका, आणि सुका प्लग लावा. काढलेल्या प्लगला ठिणगी येते का ते भोकाजवळ धरून बघू नका, आतून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि भडका उडतो. प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिमी, थंडीत ०.६ कडे झुकता.

प्लग सारखा ओला होतो म्हणून गरम नंबरचा प्लग टाकायचा मोह होतो, एनजीकेमध्ये ९ ऐवजी ८. लगेच तो रस्ता धरू नका. तो प्लग सकाळी चालेल, पण दुपारी लांब सरळ वाटेवर पूर्ण थ्रॉटलला जास्त तापेल. आधी जेट आणि चोक नीट करा.

आणि हे सगळं उघड्यावर करा. बंद शटरच्या आत टू-स्ट्रोक तापवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड फुप्फुसात भरून घेणं.

---

जेटबॉक्स

आता जेट. लष्करकर, तुमची लक्षणं उलटसुलट वाटतात, प्लग ओला आणि तरी रेस लटकते. पण दोन्ही बरोबर आहेत. ओला प्लग किका मारण्याच्या पद्धतीचा, मुरारवाला यांनी सांगितला तो. चोक आत केल्यावर बंद पडणं आणि लटकणारी रेस मात्र पातळ मिश्रणाची.

३२ अंशांच्या हवेपेक्षा ५ अंशांची हवा साधारण १० टक्के दाट असते. हिशोब केल्व्हिनमध्ये करायचा: ३०५ भागिले २७८. कार्ब्युरेटर यातला निम्मा फरक आपोआप भरून काढतो, कारण दाट हवा जेटवर ओढही जास्त लावते. उरलेले ५ टक्के आपल्याला द्यावे लागतात. केहिनचा जेट नंबर म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात, १७८ म्हणजे १.७८ मिमी. पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळावर जातं, म्हणून ५ टक्के जास्त पेट्रोलला व्यास अडीच टक्क्यांनी वाढवायचा. १७८ चा झाला १८२.

पायलट ४५ चा ४८ करा. चोकनंतर बंद पडणं हे पायलटचंच दुखणं आहे. सुईला आत्ता हात लावू नका. मेन आणि पायलट बदलून मधल्या थ्रॉटलला इंजिन अडखळलं तरच क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे सुई वर येते आणि मिश्रण दाट होतं.

एअर स्क्रू गरम इंजिनावरच लावायचा. आधी काकांनी सांगितलं तेवढं तापवा, मग स्लो जरा वर ठेवून स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा आणि जिथे रेस सगळ्यांत वर जाते तिथे थांबा. आत म्हणजे दाट, बाहेर म्हणजे पातळ. सगळ्यांत चांगली जागा एका फेऱ्याच्या आत आली तर पायलट आणखी मोठा हवा, अडीच फेऱ्यांच्या पुढे गेली तर लहान. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला आहे याची खात्री करून घ्या. इंजिनाच्या बाजूला असला तर तो पेट्रोलचा असतो आणि सगळं उलटं होतं.

ग्वाल्हेरात एक अडचण आहे. सकाळी ५ अंश आणि जानेवारीत दुपारी २०-२२. १८२ वर दुपारी इंजिन वरच्या रेसला गुरगुरेल, चार-स्ट्रोकसारखा फटफट आवाज देईल. त्याने इंजिन बिघडत नाही, ताकद थोडी कमी लागते इतकंच. दिवसभर चालवायची असेल तर १८० ठेवा आणि सकाळचा पहिला अर्धा तास पूर्ण थ्रॉटल टाळा. थंडीत एक पायरी दाट चालवणं बरं, एक पायरी पातळ नको.

२५:१ बद्दल. ३२:१ ला लिटरमागे ३१ मिली, २५:१ ला ४०. मिश्रणातलं पेट्रोल त्याने जेमतेम एक टक्का घटतं, तो मोठा मुद्दा नाही. पण ऑइलने घट्ट झालेलं पेट्रोल पायलटच्या अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून आणखी सावकाश जातं, आणि थंड इंजिनात जास्तीचं ऑइल जळत नाही, एक्झॉस्टमध्ये उतरतं. तुमच्याकडे ते आधीच गळतंय. ३२:१ वरच राहा. पाच लिटरला १५६ मिली, मापाच्या सिरिंजने. बाटलीच्या झाकणाने अंदाज नको.

मिसळताना आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, कॅन हलवा, मग उरलेलं पेट्रोल आणि पुन्हा हलवा. कॅन रात्रभर गार अंगणात राहिला असेल तर ओतण्याआधी पुन्हा हलवा. एरंडेलावर बनलेलं रेसिंग ऑइल थंड पेट्रोलात नीट विरघळत नाही, खाली बसतं. मग टाकीत वर नुसतं पेट्रोल आणि तळाला काकवीसारखं ऑइल, कॉकच्या वाटेने आधी तेच येतं. हिवाळ्यात सिंथेटिक एस्टरचं किंवा साधं चांगलं जासो एफडी ग्रेडचं (टू-स्ट्रोक ऑइलच्या जपानी मानकाचं) घ्या.

पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असतं. तुमचं ऑक्टोबरचं सेटिंगही त्याच पेट्रोलवर बसलंय, त्यामुळे त्यासाठी वेगळा जेट नको. पण इथेनॉल थंडीत सावकाश उडतं, सुरू होण्याच्या त्रासात त्याचा वाटा आहे, आणि ते हवेतलं पाणी शोषतं. धुक्याच्या दिवसांत अर्धा रिकामा कॅन उघडा ठेवू नका. फ्लोटच्या वाटीखालचा मोठा नट आठवड्याने एकदा काढून पेट्रोल काचेच्या भांड्यात घ्या. तळाला पाण्याचे मणी फिरताना दिसले तर टाकी रिकामी करायची.

---

लष्करकर

सगळ्यांचे आभार. काका, हाताने बघायची पद्धत आवडली. जेटबॉक्स ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे १८२ आणि ४८ टाकले. आता दुसऱ्या किकेला सुरू होते, चोक ४० सेकंदांनी आत केला तरी चालू राहते.

पण रेस लटकणं कमी झालंय, गेलेलं नाही. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही चार वेळांतून एकदा लटकते. पायलट ५० करू का?

---

बोअरगेज

५० करू नका. गरम इंजिनावर, जेट बरोबर असताना, रेस लटकत असेल तर कुठून तरी हवा आत शिरतेय. जेट वाढवून ती झाकाल, पण पूर्ण थ्रॉटलला ती गळती पिस्टन खाईल.

थंडीत हे जास्त दिसतं कारण रबर कडक होतं. कार्ब्युरेटर आणि इंजिनामधला रबराचा गळा, रीडच्या (मिश्रण आत घेणाऱ्या एकेरी झडपेच्या) पिंजऱ्याचं पॅकिंग, सिलिंडरखालचं पॅकिंग आणि क्रँकचे दोन सील, एवढ्याच जागा आहेत. स्लोवर चालू ठेवून रबराच्या गळ्याभोवती आणि सिलिंडरच्या बुडाशी ब्रेक क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा, एक्झॉस्टपासून दूर धरून. रेस बदलली की जागा सापडली. गळ्याला हाताने वाकवून बघा, घडीत केसासारख्या चिरा दिसतात, सरळ असताना त्या मिटलेल्या असतात.

तिथे काही नसेल तर क्रँकचे सील. गिअरबॉक्सच्या बाजूचा गेला तर इंजिन गिअर ऑइल पितं: पांढरा धूर सुटतो आणि ऑइलची पातळी उतरते. मॅग्नेटोच्या (ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाच्या) बाजूचा गेला तर धूर काही दिसत नाही, नुसती हवा शिरते. तुम्ही पांढऱ्या धुराचं काही लिहिलेलं नाही, मग माझा संशय डाव्या, मॅग्नेटोच्या सीलवर.

खात्री दाबाच्या चाचणीने करा. यंत्र विकत घ्यायला नको. ब्लड प्रेशरचं जुनं, घड्याळासारख्या सुईचं यंत्र असलं तर त्याचा फुगा आणि मीटर चालतो. एक्झॉस्टचं तोंड रबरी बुचाने बंद करा. कार्ब्युरेटर काढून गळ्यात दुसरं बूच बसवा, त्यातून नळी आत घाला, वर क्लिप आवळा. प्लग जागेवर घट्ट. पिस्टन खाली आणा, म्हणजे पोर्ट उघडे राहतात आणि सिलिंडर-क्रँककेस एक होतात. ३०० मिमी पाऱ्यापर्यंत दाब भरा, म्हणजे पावणेसहा पीएसआयच्या जवळपास. याहून जास्त भरू नका, सील उलटा होतो. सहा मिनिटं सुई जवळजवळ जागेवर राहिली पाहिजे. मिनिटाला ५० मिमीने उतरत असेल तर गळती मोठी आहे. साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. मॅग्नेटोचं कव्हर आणि रोटर काढल्याशिवाय तो सील दिसत नाही, तेवढं काम करावंच लागेल. रोटर पुलरनेच काढा, स्क्रूड्रायव्हरने उचकू नका.

रीडचा पिंजरा हातात आलाच आहे तर तो उजेडाकडे धरा. पाकळ्यांच्या टोकांशी प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. कार्बन फायबरच्या पाकळ्यांचे कोपरे झिजून बारीक दोरे सुटतात, कधी तुकडाच पडतो. टोक नीट बसत नसेल तर थंडीत किका वाढतात.

---

तानसेननगर

मध्येच विचारतो. माझ्याकडे आरएक्स १०० आहे, उंच हँडल आणि गाठींचे टायर लावून कच्च्या रस्त्यावर चालवतो. पाणी नाही, रेडिएटर नाही. मलाही पाच-सहा मिनिटं थांबावं लागेल का?

---

मुरारवाला

नाही भाऊ, तुमचं काम सोपं आहे. ९८ सीसी, ५० बाय ५० मिमी, बोअरमध्ये बिडाची स्लीव्ह आणि भोवती पाण्याचा वेढा नाही. थंडगार पाणी सिलिंडरची उष्णता ओढत नसल्याने तो पिस्टनबरोबरच तापतो. दोन मिनिटं स्लोच्या जरा वर, मग दोन किलोमीटर हळू. बिडाचं फुगणं ॲल्युमिनियमच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून तेवढे दोन किलोमीटर पाळाच. ताजा बोअर केला असेल तर दोनाचे पाच करा.

तुमचं लक्ष ऑइल पंपावर हवं. प्रिमिक्स (टाकीतच ऑइल मिसळलेलं पेट्रोल) नसतं, पंप थ्रॉटलच्या केबलशी जोडलेला असतो. ती केबल सैल झाली की थ्रॉटल उघडला तरी पंप मागेच राहतो. पंपाच्या पुलीवरची खूण आणि केबलचा ताण हिवाळ्याच्या सुरुवातीला एकदा जुळवून घ्या. पारदर्शक नळीत हवेचा बुडबुडा दिसला तर ब्लीड स्क्रूने काढा. पंपावर शंका असेल तोवर टाकीत लिटरमागे २० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) घालून चालवा, प्लग थोडा काळा पडेल, पडू द्या.

फिनांमधला वाळलेला चिखल काढत जा. हिवाळ्यात त्याचा त्रास जाणवत नाही म्हणून तो तसाच राहतो, आणि मार्चमध्ये ऊन चढलं की एका बाजूने सिलिंडर तापतो.

---

जेटबॉक्स

रेडिएटरच्या पुठ्ठ्याचं राहिलंच. लावा, पण एकाच रेडिएटरला आणि पुठ्ठा नको. तो दवाने भिजून जाळीत गुंततो. प्लास्टिकच्या नळीदार शीटचा तुकडा किंवा डक्ट टेप, समोरून, एक रेडिएटर पूर्ण झाकलेला. मोटोक्रॉसच्या बहुतेक गाड्यांना थर्मोस्टॅट नसतो, पहिल्या सेकंदापासून पाणी रेडिएटरमधून फिरतं. ५ अंशांच्या वाऱ्यात ते कधी ६० ला पोचतच नाही. लांब उतारावर थ्रॉटल बंद करून आलात की सिलिंडर पुन्हा गार पडतो आणि खाली सपाटीवर जोरात उघडलात की काकांनी सांगितलेला सगळा प्रकार चालत्या गाडीवर होतो. उतार संपल्यावर पहिले शे-दोनशे मीटर अर्ध्या थ्रॉटलवरच.

पारा १५ च्या वर गेला की टेप काढायची. ही विसरण्याची गोष्ट आहे. रेडिएटरच्या टाकीला तापमानाची चिकटपट्टी लावून ठेवा, ती रंग बदलते.

पाण्यात नुसतं पाणी असेल तर बदला. ग्वाल्हेरात ते गोठणार नाही, पण बोअरिंगच्या जड पाण्याचे क्षार जाळीत बसतात आणि ॲल्युमिनियम गंजतं. डिस्टिल्ड पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मं-निम्मं. हे मिश्रण उणे ३५ च्या खालपर्यंत गोठत नाही, स्पितीला नेलीत तरी चालेल.

---

मुरारवाला

एअर फिल्टरही बघा, कोणी बोललं नाही. तिघऱ्याकडची किंवा चंबळच्या बेहडातली (घळींमधली) माती पिठासारखी असते. सकाळी दवाने दबलेली दिसते, दहानंतर उडते. फोमचा फिल्टर दर फेरीनंतर धुवायचा: आधी रॉकेलात दाबून, मग साबणाच्या कोमट पाण्यात. पिळायचा नाही, तळव्यांमध्ये दाबायचा, पिळला की शिवण सुटते. पेट्रोलात धुतला तर फोमचा डिंक विरघळतो. थंडीत तो एका रात्रीत सुकत नाही, ओलसर फिल्टरवर ऑइल बसत नाही आणि धूळ आत जाते. दोन फिल्टर ठेवा. फिल्टर ऑइल लावताना सगळीकडे सारखा रंग आला पाहिजे, कडेला ग्रीसची बारीक रेघ.

गिअर ऑइल थंडीतल्या छोट्या फेऱ्यांमध्ये लवकर दुधाळ होतं, आत जमलेली वाफ पुरेशी तापून उडत नाही. तपासणीच्या काचेत चहासारखा रंग दिसला की बदला, तास मोजत बसू नका.

घरी आल्यावर कॉक बंद करून इंजिन स्लोवर चालू द्या, वाटीतलं पेट्रोल संपत येईपर्यंत. शेवटी रेस वर चढायला लागली की लगेच किल बटण दाबा, ते पातळ मिश्रण आहे. आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर प्लग काढून ५ मिली टू-टी आत सोडा, दोन सावकाश किका मारा, प्लग लावा आणि किक कॉम्प्रेशन लागेपर्यंत आणून सोडून द्या. पिस्टन वर असला की स्कर्ट एक्झॉस्टचं पोर्ट झाकतो, धुक्याचा ओलावा आत जात नाही.

---

लष्करकर

बीपीच्या यंत्राने चाचणी केली. ३०० वरून मिनिटात २२०. साबणाचं पाणी मॅग्नेटोच्या बाजूला क्रँकच्या दांड्याशी फेसाळतंय. काका, संशय बरोबर निघाला. दोन्ही सील मागवतोय. बसवताना काही जपायचं?

---

बोअरगेज

दोन्ही मागवताय ते उत्तम, पण उजवा बदलायला क्लचची बाजू उघडावी लागेल, तेव्हा त्या कव्हरचं पॅकिंगही मागवा.

जुना सील काढताना क्रँकच्या दांड्याला ओरखडा पडू देऊ नका. सीलच्या लोखंडी कड्यात दोन बारीक स्क्रू फिरवून पकडीने सरळ ओढा. दांडा स्वच्छ पुसून नखाने तपासा. जुन्या सीलच्या ओठाने पाडलेली खाच नखाला लागत असेल तर नवा सील मिलिमीटरभर कमी खोल बसवा, म्हणजे ओठ ताज्या जागेवर येतो. खोली आधी व्हर्निअरने मोजून लिहून ठेवा. ओठाला ग्रीस, बाहेरच्या कड्याला ऑइल, आणि दांड्यावरच्या चावीच्या खाचेवर टेपचा एक वेढा, नाहीतर खाचेची धार ओठ कापते. त्याच मापाच्या सॉकेटने सरळ ठोका. सील रात्री बाहेर राहिले असतील तर आधी तासभर घरात ठेवा, ५ अंशांतलं कडक रबर बसवताना मुडपतं.

मग पुन्हा ३०० मिमी, सहा मिनिटं. ते जमलं की एअर स्क्रू नव्याने लावा. आत्ताचा तुमचा स्क्रू गळतीच्या हिशोबाने लागलाय. पायलट ४८ बहुतेक तसाच राहील, पण स्क्रू अडीच फेऱ्यांच्या पुढे गेला तर ४५ परत टाकायला लागेल.